लाट आणि तळे : निसर्गसान्निध्यातून अवधानाचा अभ्यास

नागपूरपासून समुद्र दूर आहे. पूर्वेकडील बंगालच्या उपसागराचा किनारा असो की पश्चिमेकडील कोकणचा, शेकडो किलोमीटरांचा प्रवास केल्याविना खाऱ्या पाण्याचे दर्शन होत नाही. तरीही समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन स्वार होण्याच्या, म्हणजेच सर्फिंगच्या खेळाविषयी अलीकडे जे बोलले व लिहिले जाते, त्याचा विचार नागपूरच्या दक्षिणेस वसलेल्या मिहान परिसराच्या संदर्भात करणे अप्रस्तुत ठरू नये. या खेळाने मन स्थिर होते, माणूस स्वतःला अधिक ओळखू लागतो आणि निसर्गाविषयी त्याला आपलेपणा वाटू लागतो, असे तो खेळणारे सांगतात. हा लाभ समुद्रापुरताच मर्यादित आहे की गावाच्या तळ्याकाठीही तो मिळू शकतो, हा प्रश्न शिक्षकांच्या व ग्रामपंचायत सदस्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण समुद्र प्रत्येक गावाला मिळत नाही. तळे मात्र विदर्भातील बहुतेक गावांना कधी ना कधी लाभलेले आहे.

लाटेची वाट पाहणे

सर्फिंगचा उगम पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन लोकांमध्ये झाला. हवाई बेटांवर तो राजापासून सामान्य कोळ्यापर्यंत सर्वांचा खेळ होता. कॅप्टन कुकच्या मोहिमेतील अधिकाऱ्यांनी १७७९ च्या सुमारास त्याचे वर्णन लिहून ठेवले. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या नापसंतीमुळे व बेटांवरील लोकसंख्या रोगराईने घटल्यामुळे तो जवळजवळ लोपला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला पुन्हा चालना मिळाली. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकणारे हवाईचे ड्यूक कहानामोकू यांनी तो जगभर नेला. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा प्रथमच समावेश करण्यात आला.

भारतात या खेळाचे एक आद्य केंद्र कर्नाटकच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मुल्की येथे २००४ च्या सुमारास सुरू झाले. अमेरिकेतून आलेल्या एका वैष्णव संन्याशाच्या आश्रमातून त्याचा प्रारंभ झाला, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पहाटेची प्रार्थना व जप, शाकाहार, योगासने आणि समुद्रातील सराव हे तेथील दिनक्रमाचेच भाग होते. भारतीय सर्फिंग महासंघाची स्थापना २०११ मध्ये झाली. आज तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांतील अनेक मुले या खेळात नाव मिळवीत आहेत.

हा खेळ मनाला काय शिकवितो हे कळण्यासाठी प्रथम लाट म्हणजे काय हे पाहावे लागते. किनाऱ्यावर फुटणारी लाट तेथे जन्मलेली नसते. दूर समुद्रात, कित्येकदा हजारो किलोमीटरांवर, वादळी वारा पाण्याला ऊर्जा देतो. ती ऊर्जा लाटेच्या रूपाने प्रवास करते. पाणी मात्र जवळपास आपल्या जागीच वर्तुळाकार फिरत राहते. शेतातील गव्हाच्या पिकावरून वाऱ्याची लहर जावी आणि ताटे जागच्या जागी डोलावीत, तसाच हा प्रकार होय. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठविलेल्या लाटा अशाच रीतीने भारताच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतात. किनारा जवळ आला की लाटेच्या तळाला जमीन लागते, तिचा वेग मंदावतो, उंची वाढते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की ती फुटते. फुटण्यापूर्वीच्या त्या काही क्षणांत फळीवर उभे राहावयाचे असते.

लाटा गटागटाने येतात. दोन गटांच्या मध्ये समुद्र बराच वेळ शांत असतो. त्यामुळे सर्फिंग करणाऱ्याचा बहुतेक वेळ हातांनी पाणी मागे सारीत पुढे जाण्यात आणि फळीवर बसून क्षितिजाकडे पाहण्यात जातो. स्पर्धकांच्या वेळेचे मोजमाप करणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले आहे की, प्रत्यक्ष लाटेवर उभे असण्याचा काळ एकूण काळाच्या एकदशांशाहूनही कमी असतो. चित्रांत व चित्रपटांत मात्र तेवढाच भाग दाखविला जातो, आणि त्यामुळे हा खेळ निव्वळ धाडसाचा आहे असा गैरसमज पसरतो. वस्तुतः तो वाट पाहण्याचा खेळ आहे. पाण्याच्या रंगात होणारा बदल, दूरवर उठलेली गडद रेघ, वाऱ्याची दिशा, पायाखालच्या ओढीचा जोर यांकडे सतत लक्ष द्यावे लागते. लाट मागवून घेता येत नाही, थांबविता येत नाही. ती आल्यावर दुसरा विचार करण्यास सवडही मिळत नाही. आदल्या दिवशीची चिंता घेऊन फळीवर उभा राहणारा माणूस बहुधा पाण्यात पडतो.

अमेरिकेच्या नौदलाच्या सॅन दिएगो येथील वैद्यकीय केंद्राने युद्धात जखमी झालेल्या व मानसिक आघात सोसलेल्या सैनिकांसाठी सर्फिंगचे वर्ग चालविले, ते याच अनुभवाच्या आधारावर. त्यात व्यायामाचा वाटा किती, सोबत्यांच्या सहवासाचा किती आणि समुद्राचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. एवढे मात्र दिसून येते की, उपदेशाने न थांबणारे मन एखाद्या खऱ्या, समोर घडणाऱ्या गोष्टीवर टेकले की काही काळ थांबते.

स्मृती, सती आणि अवधान

ज्याला आज इंग्रजी वळणाने ‘माइंडफुलनेस’ म्हटले जाते, ती कल्पना भारतीयांना नवखी नाही. पाली भाषेत तिला ‘सती’ असे नाव असून त्याचे संस्कृत रूप ‘स्मृती’ हे होय. येथे स्मृती म्हणजे मागच्या गोष्टींची आठवण हा अर्थ अभिप्रेत नसून, जे चालले आहे त्याचे भान सुटू न देणे हा आहे. श्वास येत आहे, जात आहे. पाऊल उचलले जात आहे, टेकले जात आहे. राग आला आहे, तो ओसरत आहे. हे जसे घडते तसे पाहणे, असे त्याचे स्वरूप आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून हे शब्द या शहराच्या बोलण्यात पुन्हा रुजले आहेत.

म्यानमारमध्ये जन्मलेले व वाढलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले व त्यांनी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे घेण्यास प्रारंभ केला. १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे त्यांचे केंद्र उभे राहिले. नागपूरजवळ माहुरझरी येथेही असे केंद्र आहे. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने हाती घेतलेल्या ‘मित्र उपक्रमा’मुळे अनेक शिक्षकांना आनापानाची, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या सरावाची, ओळख झालेली आहे. पाश्चात्त्य देशांत हाच धागा रुग्णालयांतून पुढे गेला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये दीर्घकाळ दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला.

डोळे मिटून श्वास पाहणे हा अवधानाचा एक मार्ग आहे. तो सर्वांनाच सारखा साधतो असे नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्वस्थ बसून श्वास पाहण्यास सांगितले तर तो दोन मिनिटांत चुळबुळू लागतो. तेच मूल गळाच्या दोरीकडे पाहत तासभर न हलता बसलेले कोणत्याही तळ्यावर दिसते. डोळे उघडे ठेवून, बाहेरच्या जगाच्या आधाराने साधावयाचे अवधान हा दुसरा मार्ग होय आणि निसर्ग हा त्याचा सर्वांत जुना आधार आहे.

संशोधन काय सांगते

निसर्गाच्या सहवासाने मनास विसावा मिळतो हे कवींनी फार पूर्वी सांगितले. त्याचे मोजमाप मात्र गेल्या चार-पाच दशकांतील आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी त्यांनी तपासल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींतून विटांची भिंत. वय, प्रकृती इत्यादी बाबतींत सारख्या अशा रुग्णांच्या २३ जोड्या जुळवून पाहता, झाडे दिसणाऱ्या रुग्णांना सरासरीने लवकर घरी जाता आले व त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. संख्या लहान आहे हे खरे. परंतु रुग्णालयांच्या रचनेचा विचार करणाऱ्यांनी तो अभ्यास तेव्हापासून दृष्टीआड केलेला नाही.

मिशिगन विद्यापीठातील रेचेल व स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात याची उपपत्ती मांडली. त्यांच्या मते लक्ष दोन प्रकारचे असते. हिशेब तपासताना, टिपणी लिहिताना, रहदारीतून वाहन हाकताना जे लक्ष लागते ते प्रयत्नपूर्वक लावावे लागते आणि ते थकते. हलणारी पाने, वाहते पाणी, ढग, पाखरे यांकडे जाणारे लक्ष सहज जाते. त्या अवधीत थकलेल्या लक्षाला विश्रांती मिळते. याच विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन फेऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. एक फेरी वृक्षोद्यानातून, दुसरी शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून. वृक्षोद्यानातून परतल्यावर आकडे उलट क्रमाने सांगण्याच्या चाचणीत विद्यार्थ्यांची कामगिरी सुमारे वीस टक्क्यांनी सुधारली. शहरातील फेरीनंतर तसे झाले नाही. कडाक्याच्या थंडीत ज्यांना ती फेरी मुळीच सुखाची वाटली नाही त्यांनाही तोच लाभ झाला, ही त्यातील उद्‌बोधक बाब होय. म्हणजे आनंद वाटणे आणि लक्ष ताजे होणे या दोन गोष्टी एकच नाहीत.

याचा अर्थ निसर्ग हे औषध आहे असा कोणी काढू नये. नैराश्यासारख्या विकारांना वैद्यकीय उपचारच लागतात. तसेच कामाचा ताण अपुऱ्या मनुष्यबळामुळे किंवा अवाजवी उद्दिष्टांमुळे असेल, तर कर्मचाऱ्याला तळ्याकाठी बसविल्याने तो नाहीसा होत नाही. तेथे कार्यालयाचीच घडी नीट करावी लागते. अवधानाच्या नावाखाली ही जबाबदारी एकट्या माणसावर ढकलण्याची प्रवृत्ती काही ठिकाणी दिसते, ती योग्य म्हणता येणार नाही.

नवेगावचा धडा

या मार्गाचा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित प्रवासी विदर्भाच्याच पाण्याकाठी घडला. मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूर येथे झाला. कोइंबतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते वन खात्यात रुजू झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी शासकीय सेवा केली. नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही नावे त्यांच्या लेखनामुळे मराठी घराघरांत पोहोचली. निवृत्तीनंतर बराच काळ त्यांचे वास्तव्य नागपुरात होते. २००६ मध्ये सोलापूर येथे भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले.

चितमपल्ली हे सरकारी नोकर होते, ही बाब या मासिकाच्या वाचकांनी विसरू नये. रोपवने, कूपांची तोड, वणवे, चौकशा, बदल्या आणि फिरतीची दैनंदिनी हे सर्व त्यांच्या वाट्याला आलेच. याच फिरतीतून त्यांनी पाहण्याची शिस्त लावून घेतली. पाहिलेले त्याच दिवशी लिहावयाचे आणि ऐकलेला शब्द टिपून ठेवावयाचा, ही ती शिस्त. वनवासी, पारधी, ढिवर, गुराखी यांच्याकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, वेळांची नावे गोळा केली. त्यातून ‘पक्षिकोश’ सिद्ध झाला. इंग्रजीत ‘रूकरी’ व ‘हेरॉनरी’ असे जे म्हणतात त्यांसाठी ‘काकागार’ व ‘सारंगागार’ हे शब्द त्यांनी मराठीस दिले. ज्याला नाव नाही ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, हे या परिश्रमामागील मर्म होते.

नवेगाव बांध येथील तलाव हा त्यांच्या या शिक्षणाचा मोठा वर्ग. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोहळी समाजातील कोलू पाटील यांनी हा तलाव बांधविला असे मानले जाते. डोंगरांच्या मधील खिंडी बांधून पाणी अडविण्याची ही विद्या कोहळ्यांची खास विद्या होती, आणि पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची, म्हणजेच मामा तलावांची, हजारोंची संपत्ती तिच्याच परंपरेतील आहे. १९७५ मध्ये नवेगावचा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. तेव्हा तो भंडारा जिल्ह्यात होता, १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात मोडतो. येथील माधवराव पाटील डोंगरवार हे चितमपल्लींचे सोबती आणि रानाच्या बाबतीतील एक प्रकारचे गुरूच होते. महाविद्यालयात शिकलेला अधिकारी गावातील माणसाकडून पाहावयास शिकतो, हे चित्र खेडोपाडी काम करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने मनात ठेवावे असे आहे.

तळ्याकाठी पाहण्याचा हक्क केवळ सवड असणाऱ्यांचा नसतो. ढिवर बांधवांना पाण्याच्या रंगावरून, बुडबुड्यांवरून आणि वनस्पतींच्या हालचालींवरून मासळीचा ठाव कळतो. तो त्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने याच ज्ञानाच्या आधारे ढिवर समाजासमवेत काही मामा तलावांत काम केले. बेशरमाची झुडपे काढून तेथे मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावण्यात आल्या; त्यामुळे स्थानिक मासळीला व पाणपक्ष्यांना आसरा मिळाला. कोणत्या तळ्यात कोणती वनस्पती होती हे कागदावर कोठेच नव्हते. ते वृद्धांच्या आठवणीत होते. लक्षपूर्वक पाहण्याच्या सवयीचा गावाला होणारा उपयोग याहून स्पष्टपणे दाखविणे कठीण आहे.

मिहानची पाणथळे

मिहान म्हणजे नागपूरचा बहुविध आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र व विमानतळ प्रकल्प. त्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन करण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दक्षिणेस शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव आदी गावांच्या जमिनींवर हा प्रकल्प आकारास आला. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि भारतीय व्यवस्थापन संस्था आज येथे आहेत. जेथे पूर्वी तूर, सोयाबीन, कपाशी व ज्वारी उभी राहत असे तेथे आता काचेच्या इमारती व रुंद रस्ते आहेत. त्यांच्या मध्ये मोकळे माळ, काटेरी झुडपांचे पट्टे आणि तेल्हारा, दहेगाव यांसारखे तलाव टिकून आहेत.

या मोकळ्या पट्ट्यांचे मोल किती, याची अनपेक्षित साक्ष नोव्हेंबर २०१९ मध्ये मिळाली. या परिसरात एक वाघ वावरत असल्याचे पाऊलखुणांवरून समजले आणि वन विभागाच्या कॅमेऱ्यांत त्याचे छायाचित्रही आले. नैर्ऋत्येकडील बोरच्या जंगलाकडून तो आला असावा असा तर्क करण्यात आला. संगणकावर काम करणाऱ्या तरुणांना आपल्या कचेरीच्या कुंपणापलीकडे कोण नांदते याची त्या वेळी प्रथमच जाणीव झाली असेल. वाघाची वार्ता मोठी होते. त्याच माळावर रोज असणाऱ्या टिटवीची होत नाही.

वास्तविक तलावाचे वर्ष पाहण्यासारखे असते. पावसाळा सरता सरता तळी काठोकाठ भरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उत्तरेकडील बदके येऊ लागतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांची ओळख थोड्या सरावाने पटते. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस विदर्भातील काही मोठ्या तळ्यांवर हिवाळ्यात उतरतात. टिबुकली, वारकरी, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी हे तर बहुतेक वर्षभराचे रहिवासी. मार्चनंतर पाहुणे परततात, पाणी मागे सरते, उघड्या पडलेल्या गाळावर शेकाटे व तुतवार चिखल टिपताना दिसतात आणि कोठे कोठे गाळपेर केली जाते. ढोकरी काठावर अर्धा-अर्धा तास एकाच जागी उभी असते. कवड्या खंड्या पाण्यावर हवेत एका ठिकाणी पंख फडफडवीत थांबतो, खाली पाहतो, सूर मारतो, बहुतेकदा रिकाम्या चोचीने वर येतो आणि पुन्हा थांबतो. फळीवर बसून लाटेची वाट पाहणाऱ्या माणसाच्या मनाची जी अवस्था असते तिचा पाठ देण्यास हा एक पक्षी पुरेसा आहे.

परंतु हे तळे टिकले तर. शहर वाढते तशी तळ्यांवर सांडपाणी, जलपर्णी, भराव आणि सुशोभीकरण अशी चार संकटे येतात. यातील सुशोभीकरण हे संकट मानण्यास अनेक जण तयार होत नाहीत. काठ सिमेंटने बांधले, रात्रभर दिवे लावले, कारंजी बसविली की तळे नीटनेटके दिसते. मात्र उथळ, चिखलाचा, गवताचा काठ नाहीसा झाल्याने पाणपक्ष्यांना पाय टेकण्यास जागा राहत नाही आणि मासळीला अंडी घालण्यास आसरा मिळत नाही. पायवाट तळ्याच्या एकाच बाजूस ठेवून उरलेला काठ जसाच्या तसा राहू देणे हा कमी खर्चाचा आणि अधिक लाभाचा उपाय आहे. ज्या पंचायतींच्या हद्दीत अद्याप तळी शिल्लक आहेत त्यांनी आराखड्यास मंजुरी देण्यापूर्वी एवढी एक बाब तपासून पाहावी.

शाळेने काय करावे

यासाठी दुर्बीण असलीच पाहिजे असे नाही. प्रत्येक मुलाने तळ्याकाठी किंवा शाळेच्या आवारातील झाडाजवळ आपली एक जागा ठरवावी आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटे तेथे न बोलता बसावे. प्रारंभी दिसणारे फारसे काही नसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुले कंटाळतात, आणि उपक्रम येथेच सोडून दिला जाण्याचा धोका असतो. शिक्षकाने स्वतःही आपल्या जागेवर बसल्यास हा टप्पा ओलांडला जातो. उभे राहून देखरेख करणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात तो सहसा ओलांडला जात नाही. चौथ्या-पाचव्या खेपेस फरक दिसू लागतो. मागील वेळी ही फांदी हिरवी होती, पाणी त्या दगडापर्यंत होते, हा पक्षी एकटा होता, अशा गोष्टी मुले आपणहून सांगू लागतात. किती जाती पाहिल्या याची चढाओढ लावू नये. चढाओढ लागली की मुले मोजू लागतात आणि पाहणे थांबवितात.

बसून झाल्यावर वहीत पाच ओळी लिहाव्यात. दिनांक, वेळ, हवा, जे दिसले ते आणि जे ऐकू आले ते. पक्ष्याचे पुस्तकी नाव ठाऊक नसल्यास घरी आजी-आजोबांना विचारून वऱ्हाडी, झाडीबोली किंवा गोंडी नाव लिहावे. ते नाव हीदेखील नोंदच आहे. ज्या मुलाचे लक्ष वर्गात क्षणभर टिकत नाही त्याची वही कित्येकदा सर्वांत भरलेली निघण्याचा संभव असतो. त्या मुलाविषयी शिक्षकाचे मत त्या वहीने बदलले तर उपक्रमाचा मोठा भाग तेथेच साध्य झाला.

एक खबरदारी आवश्यक आहे. तळ्याकाठी बसावयाचे, पाण्यात उतरावयाचे नाही, हा नियम कटाक्षाने पाळला जावा. जुन्या तळ्यांच्या तळाशी गाळ असतो, मुरूम उपसलेल्या जागी अचानक खोली लागते आणि पावसाळ्यात बांध निसरडे होतात. तळ्याची माहिती असणाऱ्या एखाद्या ढिवर बांधवास बरोबर घेतल्यास सुरक्षितता आणि ज्ञान दोन्ही साधतात.

या वह्यांचा उपयोग शाळेपुरता राहू नये. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. कित्येक ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवली जाते. मुलांच्या वर्षभराच्या नोंदी, वृद्धांनी सांगितलेली नावे आणि मच्छीमारांची माहिती यांची भर तिच्यात पडत राहिली, तर उद्या एखाद्या तळ्यावर भराव घालण्याचा प्रस्ताव आल्यास ग्रामसभेपुढे ठेवण्यास काही लिखित आधार राहील. जागा मोकळी पडलेली आहे, तेथे काहीच नाही, असे विधान कागदपत्रांत सहज केले जाते. त्याला दिनांकवार नोंदींनी दिलेले उत्तर अधिक वजनाचे ठरते.

राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्यात येतो. त्यातील पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सालीम अली यांच्या जन्माचा. या सुमारास तळी भरलेली असतात आणि पाहुणे पक्षी उतरू लागलेले असतात. मात्र दिवाळीची सुट्टीही बहुधा याच्या आगेमागे येते व शाळांचे उपक्रम त्यामुळे खंडित होतात. म्हणून जागा ठरविणे, पालकांची संमती घेणे आणि पहिल्या दोन-तीन बैठका ही कामे सप्टेंबरअखेर व ऑक्टोबरच्या आरंभी उरकून घेणे सोयीचे होईल. सुट्टीत मुलांना आपापल्या जागी बसून वही पुढे चालू ठेवता येते.